‘बीडीएसला काहीच शिकवत नाहीत’ म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

दातांच्या डॉक्टरांच्या ग्रुपवर एक लांबलचक मेसेज पुन्हा पुन्हा फिरून येतो. लिहिणाऱ्याचं नाव नसतं. सार असं: बीडीएसची, म्हणजे दातांच्या डॉक्टरच्या पदवीची, चार वर्षं मेण कोरण्यात आणि प्लास्टर कालवण्यात जातात. एमबीबीएसचे विषय उगाच माथी मारले जातात. इंटर्नशिप संपली तरी पोराला दाढेचं रूट कॅनाल येत नाही. कॉलेजातली साधनं जुनाट. परदेशात मात्र पास झालेला डॉक्टर दुसऱ्या दिवसापासून तयार असतो. फी कशी सांगायची, क्लिनिक कसं चालवायचं, याचा तर पत्ताच नाही. थोडक्यात, डिग्री म्हणजे नुसतं लायसन. खरं शिक्षण बाहेरच्या कोर्सला. मेसेजच्या तळाशी अशाच एका दोन दिवसांच्या कोर्सचा फोन नंबर आहे, हे आधीच सांगून ठेवतो.

आता तोच मेसेज सोसायटीच्या ग्रुपवरही पोहोचलाय आणि कुणीतरी त्याला शेपूट जोडलंय: ‘क्लिनिकमध्ये नवा डॉक्टर दिसला तर खुर्चीवरून उठा.’

मी तालुक्याच्या गावात क्लिनिक चालवतो. माझ्याकडे बहुधा एखादा नवा बीडीएस कामाला असतोच. ही मुलं काय शिकून येतात आणि कुठे अडतात, हे रोज समोर दिसतं. मेसेजमधला राग खोटा नाही, पण तो भलत्याच ठिकाणी निघालाय.

मेण आणि प्लास्टरमध्ये वर्षं वाया जातात

पहिल्या वर्षी मेणाच्या ठोकळ्यातून खालची पहिली दाढ कोरायची असते. पाच उंचवटे, त्यांच्या मधल्या खाचा, आणि शेजारच्या दाताला टेकणारा फुगवटा नेमका जिथे असतो तिथेच. मॅडम ठोकळा उजेडाकडे धरून फिरवून बघतात, एक उंचवटा नखाने खरवडतात आणि म्हणतात, पुन्हा कर. त्या वयात हा शुद्ध छळ वाटतो.

दोन वर्षांनी तोच मुलगा दोन दाढांच्या मधली कीड काढून फिलिंग करतो. फुगवटा चुकला तर तिथे रोजच्या जेवणात मेथीचं देठ नाहीतर मटणाचा धागा अडकतो, हिरडी सुजते आणि पेशंट आठ दिवसांत टूथपिक घेऊन दारात उभा राहतो. उंचवटा किंचित वर राहिला, तर घास चावला की कळ. या तक्रारींवर औषधाची गोळी नाही. दाताचा आकार बोटांना माहीत असावा लागतो, आणि तो बोटांत उतरवायची दुसरी रीत मला तरी ठाऊक नाही.

प्लास्टरचंही तेच. अल्जिनेट म्हणजे दातांचा ठसा घ्यायचा मऊ लगदा. त्याचं माप तोंडातून काढलं की त्यातलं पाणी उडायला लागतं आणि ते आकसतं. म्हणून त्यात लगेच प्लास्टर ओतायचं असतं. माझ्यासारख्याची लॅब दुसऱ्या शहरात असते. नुसतं माप डब्यात घालून एसटीने पाठवलं, तर येणारी कवळी कुणाच्याच तोंडात नीट बसणार नाही. हे ज्याला कळतं, तो तिथल्या तिथे मॉडेल तयार करतो. ‘आता तोंडातच माप घेणारे स्कॅनर आलेत’ असं कुणी म्हणेल. आलेत, चांगलेही आहेत. पण रक्ताखाली किंवा हिरडीखाली लपलेली, कॅपसाठी घासलेल्या दाताची कड स्कॅनरलाही दिसत नाही, आणि ती दिसत नाहीये हे ओळखायला आधी कड म्हणजे काय ते माहीत लागतं.

एवढं मान्य, की प्रमाण सुटलंय. आर्टिक्युलेटरवर, म्हणजे जबड्यासारखी उघडमीट करणाऱ्या चौकटीवर, कवळीचे दात लावायचे तेच ते सेट संख्या भरण्यासाठी करायला लावतात, आणि मग काही मुलं ते बाहेरून करून आणतात. तिथे कोणी काही शिकत नाही.

एमबीबीएसचे विषय दातांच्या डॉक्टरला कशाला?

सगळ्यात जास्त लाइक या मुद्द्याला मिळतात, आणि सगळ्यात घातक मुद्दाही हाच आहे.

मागे एक आजी दाढ काढायला आल्या. दाढ हलत होती, काम सोपं. माझ्याकडे तेव्हा नुकतीच इंटर्नशिप संपवलेली एक मुलगी होती. गोळ्या कोणत्या चालू आहेत, असं तिने विचारलं. बीपीची एक, बाकी काही नाही. तिने पुन्हा विचारलं, ‘आजी, एखादं इंजेक्शन वगैरे?’ आजी म्हणाल्या, ‘ते हाडांचं घेते की, वर्षातून एकदा. पण त्याचा दाताशी काय संबंध?’ मुलीने हातातला ट्रे खाली ठेवला आणि मला बोलवायला आली.

ते झोलेड्रॉनिक ॲसिड होतं. हाडं ठिसूळ झालेल्यांना देतात. या गटातल्या औषधांवर असलेल्या माणसाची दाढ काढली, तर क्वचित जबड्याचं हाड भरून न येता उघडं पडतं आणि सडतं. कॅन्सरसाठी हीच औषधं मोठ्या मात्रेत घेणाऱ्यांना धोका बराच जास्त. हाडांच्या ठिसूळपणासाठी घेणाऱ्यांना कमी, पण आहे. आम्ही आजींच्या डॉक्टरांशी बोललो, घरच्यांना धोका समजावून सांगितला, हाडाला कमीत कमी धक्का लागेल अशी दाढ काढली आणि जखम पूर्ण भरेपर्यंत त्यांना बोलवत राहिलो. त्या मुलीला तो प्रश्न कुठल्या वीकेंड कोर्सने दिला नव्हता. दुसऱ्या वर्षाच्या फार्माकॉलॉजीने आणि ओरल सर्जरीच्या तोंडी परीक्षेने दिला होता.

अशी उदाहरणं कितीतरी. जिना चढताना डाव्या खालच्या जबड्यात दुखतं आणि बसलं की थांबतं, असं सांगणाऱ्या माणसाचा दात बघत बसायचं नसतं. त्याला ईसीजीला पाठवायचं असतं. गालावर वारा लागला तरी विजेसारखी कळ जाते म्हणणाऱ्याला बहुधा ट्रायजेमिनल न्यूराल्जिया, म्हणजे चेहऱ्याच्या नसेचं दुखणं, असतो, आणि तो न ओळखल्यामुळे एकापाठोपाठ एक चांगले दात काढून बसलेले लोक प्रत्येक जुन्या डॉक्टरने पाहिलेले आहेत. रक्त पातळ ठेवणारं क्लोपिडोग्रेल घेणाऱ्याची गोळी परस्पर बंद करायला सांगणं हे बऱ्याचदा रक्तस्रावापेक्षा धोक्याचं असतं. हृदयाची कृत्रिम झडप बसवलेल्याला दात काढण्याच्या तासभर आधी ॲमॉक्सिसिलिन हे अँटिबायोटिक द्यायचं असतं.

आणि गुटखा. महाराष्ट्रात 2012 पासून बंदी आहे, पाकीट मिळायचं थांबलेलं नाही. तिशीतला माणूस दाढ दुखते म्हणून येतो आणि त्याचं तोंड जेमतेम दोन बोटं उघडतं. गालाच्या आत बोट फिरवलं की दोऱ्यासारखे कडक पट्टे लागतात. हा सबम्यूकस फायब्रोसिस. याचा पुढे कॅन्सर होऊ शकतो आणि तो सगळ्यात आधी आमच्या खुर्चीवर दिसतो. तिथे नुसती दाढ भरून पैसे घेणारा डॉक्टर हवा, की जनरल पॅथॉलॉजी शिकलेला?

शिकवण्याच्या पद्धतीबद्दल मात्र तक्रार रास्त आहे. तिसऱ्या वर्षी मेडिसिन आणि सर्जरीच्या पोस्टिंगला आमची मुलं वॉर्डात राउंडच्या शेवटच्या रांगेत उभी असतात, आणि ‘डेंटलवाले ना, सही घ्या आणि जा’ असं त्यांना सांगितलं जातं. विषय कामाचा, तास फुकट.

दाढेचं रूट कॅनाल येत नाही, आणि साधनं जुनी

पहिलं वाक्य बहुतेक ठिकाणी खरं आहे. बीडीएसच्या मुलांच्या वाट्याला मुख्यतः पुढचे, एका मुळाचे दात येतात. जिथे एमडीएस, म्हणजे बीडीएसनंतरची स्पेशालिस्टची पदवी, आहे तिथे दाढा पीजीकडे, म्हणजे ती शिकणाऱ्यांकडे, जातात. वरच्या पहिल्या दाढेत पुढच्या मुळात दुसरा, केसासारखा कॅनाल (मुळातली नळी) असतो, निम्म्याहून जास्त दाढांत असतो, आणि तो सापडणं हे अनुभवी माणसाचंही काम आहे. इंटर्न तिथे चाचपडला तर नवल नाही.

पण ‘काहीच येत नाही’ यावर हसू येतं. खालच्या दाढेची भूल घ्या. गालाच्या मागच्या बाजूला अंगठ्याने हाडाची खाच चाचपायची, समोरच्या बाजूच्या दातांवरून सुई न्यायची, हाड लागलं की किंचित मागे घ्यायची, पिचकारी ओढून रक्त येत नाही ना ते बघायचं, मग दोन टक्के लिग्नोकेन सावकाश सोडायचं. ओठ जड झाला का विचारायचं. नाही झाला, तर का नाही याचा विचार करायचा. सरकारी कॉलेजच्या ओपीडीत पोस्टिंग केलेला इंटर्न हे सहज करतो, कारण तिथे सकाळपासून दाढ काढायची रांगच लागलेली असते. मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगरची सरकारी कॉलेजं, महापालिकेचं नायर, गोव्यातलं बांबोळीचं कॉलेज, इथून आलेल्या मुलांचा हात भूल देताना थरथरत नाही.

याची दुसरी बाजू मेसेजवाल्याने मांडायला हवी होती, ती त्याने मांडलीच नाही. देशात तीनशेहून जास्त डेंटल कॉलेजं आहेत आणि त्यातली बहुसंख्य खासगी. काहींची ओपीडी तुडुंब भरते. काही कॉलेजं गावाबाहेर माळरानावर आहेत आणि तिथे पेशंट फक्त इन्स्पेक्शनच्या दिवशी दिसतो. या दोन्हींतून बाहेर पडणाऱ्यांच्या हातात एकच डिग्री असते. ‘बीडीएस शिकवत नाही’ असं सरसकट म्हणालात की दुसऱ्या प्रकारच्या कॉलेजला मोकाट सोडल्यासारखं होतं.

आता जुन्या साधनांबद्दल. कॉलेजात फाईल, म्हणजे कॅनाल साफ करायची कानशीसारखी बारीक सुई, हाताने फिरवायला शिकवतात, बाहेर मोटरवरच्या रोटरी फाईल आहेत, म्हणून शिक्षण कालबाह्य, हा युक्तिवाद करणाऱ्याने वाकड्या मुळात रोटरी घालून बघितलेली दिसत नाही. रोटरी आत सोडण्याआधी दहा आणि पंधरा नंबरच्या हाताच्या फाईलने वाट मोकळी करावी लागते. ती वाट बोटांना लागते, मोटरला नाही. स्टीलची हाताची फाईल खराब व्हायला लागली की बऱ्याचदा तिचे पीळ उलगडलेले दिसतात. निकेल-टायटॅनियमची रोटरी फाईल पुष्कळदा कसलाच इशारा न देता आतच तुटते. मोटर चालवायला माझ्याकडची मुलं पटकन शिकतात. कॅनाल अडला आहे की आपण चुकीच्या दिशेने ढकलतोय, हे बोटांना कळायला वेळ लागतो, आणि तो वेळ कॉलेजातच गेलेला बरा.

कॉलेजांना खरंच मागास म्हणायचं असेल तर रबर डॅमवरून म्हणा. दाताभोवती रबराचा पातळ पडदा लावला की फाईल घशात पडत नाही, औषधाचं पाणी जिभेवर सांडत नाही, थुंकी मुळात शिरत नाही. मोटरच्या किमतीपुढे याची किंमत काहीच नाही. तरी मुलं चार वर्षं कापसाच्या बोळ्यांवर भागवून बाहेर पडतात, आणि बाहेरची बरीच क्लिनिकंही तशीच चालतात, म्हणून त्याचं कुणाला काही वाटत नाही. मेसेजमध्ये रबर डॅमचा उल्लेख नाही. त्याचा कोर्स विकता येत नसावा.

कोर्सबद्दलही बोलू. दोन दिवसांत काढलेल्या दातांवर किंवा प्लास्टिकच्या ठोकळ्यावर काम करवून घेतात. त्यात वाईट काही नाही, मीही असे कोर्स केलेत आणि त्यांचा उपयोग झालाय. पण त्या दातांना जीव नसतो, थुंकी नसते, शुगर नसते, ‘डॉक्टर, अजून किती वेळ?’ असं ते विचारत नाहीत. सोमवारी हा माणूस आपल्या क्लिनिकमध्ये पहिला इम्प्लांट बसवतो तेव्हा त्याच्या खांद्यावरून बघणारं कुणी नसतं. कॉलेजात निदान लेक्चरर ओरडायला तरी असतो.

परदेशात लगेच तयार असतात

नसतात. ब्रिटनमध्ये पाच वर्षांच्या बीडीएसनंतर एनएचएस या सरकारी आरोग्यसेवेत काम करायचं तर एक वर्ष फाउंडेशन ट्रेनिंग करावं लागतं. चालू क्लिनिकमध्ये, शेजारच्या खोलीत नेमून दिलेला सिनिअर असताना. अमेरिकेत न्यूयॉर्क राज्य लायसनआधी एक वर्षाची रेसिडेन्सी मागतं. तिथले लोक आपला पदवीधर पूर्ण तयार आहे असं समजत नाहीत, म्हणून तर त्याला सांभाळून घेण्याची सोय करतात. आपल्याकडे त्याच कामासाठी इंटर्नशिपचं वर्ष आहे. त्याचं काय झालं, ते बघू.

मेसेजमध्ये जे नाहीच

इंटर्नशिप बारा महिन्यांची. त्यातले तीन कम्युनिटी डेंटिस्ट्रीचे, म्हणजे गावोगावची शिबिरं आणि ग्रामीण केंद्रं. ओरल सर्जरी आणि कवळीच्या विभागात प्रत्येकी दीड महिना. बाकीचे विभाग महिन्या-पंधरा दिवसांचे. कागदावर ही योजना उत्तम आहे. प्रत्यक्षात एमडीएसची प्रवेश परीक्षा, नीट-एमडीएस, समोर उभी असते. मुलं सकाळी हजेरी लावतात आणि लायब्ररीत नाहीतर क्लासला जातात. विभागालाही ते सोयीचं असतं, कारण अवघड पेशंट पीजीला हवे असतात. ज्या वर्षात दाढेचं रूट कॅनाल शिकायचं, ते वर्ष एमसीक्यू, म्हणजे पर्याय निवडायचे प्रश्न, सोडवण्यात गेलं. आणि नंतर मेसेज फॉरवर्ड करायचा की कॉलेजने शिकवलं नाही! 2023 च्या नॅशनल डेंटल कमिशन कायद्यात लायसनसाठी आणि पीजी प्रवेशासाठी एकच नेक्स्ट परीक्षा घेण्याची तरतूद आहे. ती पुन्हा एमसीक्यूचीच निघाली, तर ही लायब्ररी आणखी भरेल, एवढंच मला दिसतं.

त्याहून मोठा दोष कोट्याचा. इतकी फिलिंग, इतके दात काढणं, इतकी स्केलिंग, इतक्या कवळ्या, प्रत्येकावर सही. कोटा भरल्याशिवाय परीक्षेला बसू देत नाहीत. हेतू चांगला, पण पेशंटचे तुकडे होतात. समजा एक मावशी आल्या. हिरड्या सुजलेल्या, दोन दाढा किडलेल्या, एक काढायची, समोरचा दात पडलेला. हिरड्या एका विभागात एकाने साफ केल्या, दाढ दुसऱ्या मजल्यावर दुसऱ्याने काढली, फिलिंग तिसऱ्याने केलं कारण त्याला नेमकं तेवढंच कमी होतं, आणि पुढच्या दातासाठी पुढच्या महिन्याची तारीख मिळाली. चार मुलांच्या जर्नलमध्ये चार सह्या झाल्या. मावशींचं अख्खं तोंड कुणाच्याच डोक्यात राहिलं नाही. आधी काय करायचं, काय थांबलं तर चालेल, पैसे एवढेच असतील तर कोणता दात वाचवायचा, हा विचार करायची पाळी त्या चौघांवर आलीच नाही. क्लिनिकमध्ये पहिल्याच दिवशी नेमकी तीच पाळी येते.

कवळीच्या परीक्षेच्या सुमारास कॉलेजच्या आसपास राहून बघा. तोंडात एकही दात नसलेला माणूस शोधत मुलं एसटी स्टँडपासून वृद्धाश्रमापर्यंत फिरतात. सापडलेल्या आजोबांचं रिक्षाभाडं, चहा-नाश्ता, कधी कॉलेजची फीसुद्धा मुलगाच भरतो, आणि परीक्षेच्या दिवशी आजोबा येतील ना या धास्तीने आदल्या रात्री तीनदा फोन करतो. सही झाली की बहुतेकदा त्या आजोबांची आणि त्याची पुन्हा गाठ पडत नाही. कवळी महिन्याभराने टोचायला लागली, की ताटलीत काढून ठेवली आणि आजोबा भाकरी कुस्करून खातायत, हे त्याला कधीच कळत नाही.

माझ्याकडे येणाऱ्या मुलांत मला हीच उणीव सगळ्यात ठळक दिसते. हात बरा असतो, वाचलेलंही पुष्कळ असतं. पण स्वतः केलेलं फिलिंग सहा महिन्यांनी कसं दिसतं, हे त्यातल्या बहुतेकांनी पाहिलेलं नसतं. अमेरिकेतल्या बऱ्याच डेंटल स्कूलमध्ये विद्यार्थ्याकडे ठरावीक पेशंट सोपवतात आणि त्यांच्या तोंडाची सगळी जबाबदारी त्याची असते. आपल्याकडे इंटर्नला वर्षभरासाठी दहा-बारा कुटुंबं नेमून द्यायला नवी इमारत लागत नाही, मशीनही लागत नाही. विभागप्रमुखांनी एकमेकांशी बोलावं लागेल, आणि बहुधा तेच अवघड आहे.

धंदा शिकवत नाहीत

खरं आहे, यावर वाद नाही. फी सांगताना नवी मुलं जमिनीकडे बघतात. बिल, संमतीपत्र, नोंदी ठेवणं, ग्राहक न्यायालयात उभं राहायची वेळ आली तर काय लागतं, हे सगळं अभ्यासक्रमात असलंच तर परीक्षेपुरतं आहे. फक्त हा मुद्दा मांडणाऱ्यांनी ‘प्रत्येक पेशंटला स्माइल डिझाइन कसं विकायचं’ म्हणजे धंद्याचं शिक्षण, असं समजू नये.

नवा डॉक्टर दिसला तर उठा

हे पेशंटसाठी. उठू नका, विचारा. ‘डॉक्टर, काही अडचण आली तर सिनिअर आहेत का?’ या प्रश्नाचा चांगल्या नव्या डॉक्टरला राग येत नाही. तुमच्या गोळ्यांची, इंजेक्शनांची, आधीच्या आजारांची नीट चौकशी करणारा आणि ‘ही दाढ मी नाही करत, एमडीएस डॉक्टर गुरुवारी येतात, त्यांना दाखवू’ असं तोंडावर सांगणारा मुलगा असेल, तर तो कॉलेजात बरंच शिकून आलाय. आणि नव्या डॉक्टरांनो, पहिली नोकरी धरताना पगाराच्या आधी दोन गोष्टी विचारा: दाढ अडली तर शेजारच्या खोलीत कोण असेल, आणि मी केलेला पेशंट परत आला की तो मलाच दाखवणार का.